पोरं सुपरवायझर व्हायला नको का म्हणतात?

भोसरी-चाकणकडच्या मशीन शॉपवाल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. पंचविशीतले हुशार ऑपरेटर आहेत, पण 'सुपरवायझर हो' म्हटलं की नकारार्थी मान हलवतात. त्यांना तयार कसं करायचं? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

आधी हिशोब करा. बेसिक-डीए 18,000 धरा. 26 दिवस, 8 तास, म्हणजे तासाला साधारण 86.50 रुपये. ओव्हरटाइम दुप्पट, 173. महिन्याला 30 तास लागले तर 5,190. सुपरवायझर झाला की बहुतेक ठिकाणी ओव्हरटाइम बंद, आणि तुम्ही वाढ देता 4,000. पहिल्याच पगारात पोरगं बाराशेनं खाली येतं. शिवाय पर्यवेक्षकाचं काम आणि 18,000 च्या वर वेतन असेल तर नव्या औद्योगिक संबंध संहितेत तो 'कामगार'ही राहत नाही. त्याला हे सगळं कळतं. 'आजकालच्या पोरांना जबाबदारी नको' असं मीही म्हणत आलोय. ते चूक होतं. पूर्ण चूक होतं असं मात्र अजूनही म्हणवत नाही. काहींना खरंच नको असते.

पण पैशापेक्षा जास्त पोरं पहिल्या नाइट शिफ्टला तुटतात. सहा मशीन, दोन ऑपरेटर गैरहजर. नवा सुपरवायझर काय करतो? जे येतं ते करतो, स्वतः सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) उभा राहतो. पलीकडच्या मशीनवर 25 एच7 चा बोअर, म्हणजे 25 मिलिमीटरचं नेमक्या मापाचं भोक, चाललाय, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) फक्त 21 मायक्रॉन. इन्सर्ट, म्हणजे कापणारी पात, झिजत जातो, बोअर लहान होत जातो. तासाला एक पीस गो-नोगो गेजनं (गो बाजू भोकात जायला हवी, नोगो जायला नको) बघायचा असतो, तो बघायला कोणी नाही. पहाटे गेजची गो बाजू आत जाईना, तेव्हा कळतं. इथवर रीवर्क होतो. पण घाईत ऑपरेटरनं ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढायची मापातली दुरुस्ती, दिलेला, यानंही दिला. दुप्पट पडला, बोअर मोठा झाला, माल स्क्रॅप. सकाळी सगळ्यांसमोर बोलणी याला. आणि ज्याच्याकडून चूक झाली तो याचाच रूम पार्टनर, त्याला बोलायची सोय नाही. गुरुवारच्या सुट्टीनंतर पोरगं येऊन सांगतं, मला माझी मशीन द्या.

इथे दोष पोराचा नाही. दोन माणसं कमी असताना दोन मशीन बंद ठेवायचा अधिकार त्याला कोणी दिलेला नव्हता.

तो अधिकार लेखी द्या, आणि तेवढ्यासाठी प्लॅन हुकला तर त्याला जाब विचारू नका. पहिले तीन महिने त्याला फक्त सुट्टीवरच्या सुपरवायझरच्या जागी बसवा, तेही डे शिफ्टला आणि स्वतःच्या लाइनवर नाही. हँडओव्हरला 15 मिनिटं आधी बोलवा, त्या मिनिटांचे पैसे द्या. वहीत मशीनवार पाचच गोष्टी लिहू द्या: पीस किती, रिजेक्शन किती, इन्सर्ट कधी बदलला, ऑफसेट कोणी आणि किती दिला, मशीन का थांबली. चौथा रकाना कधीच सोडू देऊ नका. बोलणी खायची वेळ आली तर ती केबिनमध्ये, तुमच्यासमोर, दार लावून.

त्याच्या मशीनवर दुसरा माणूस आधी तयार करा. नाहीतर चांगला ऑपरेटर जातो, रिजेक्शन वाढतं आणि पंधरा दिवसांत तुम्हीच त्याला परत मशीनवर ढकलता.

वाढ किमान ओव्हरटाइमइतकी हवी, हे सांगितलं की मालक गप्प होतात. छोट्या शॉपला ते झेपत नाही, हेही खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त तीन महिन्यांनी तो परत मशीन मागेल, तेव्हा त्याचा जुना ग्रेड तसाच ठेवून द्या. शेजारच्या मशीनवरची पोरं नेमकं तेच बघत असतात.