रूट कॅनॉलनंतरही दाढ दुखत होती आणि ‘एक्स-रे तर नीट आहे’: माझा अनुभव

‘एक्स-रे तर नीट आहे, थोडे दिवस थांबा.’ रूट कॅनॉल झालेल्या दाढेबद्दल हे एकच उत्तर इतक्यांदा ऐकलं की अजून राग जात नाही, म्हणून लिहितेय. दाढ वरची, पहिली मोठी. नस काढणं, भरणं, कॅप बसवणं सगळं सुरळीत झालं होतं. फक्त चावताना येणारी कळ जात नव्हती.

थांबणं कधी बरोबर, ते आधी सांगते. नस काढली तरी दाताच्या मुळाभोवतीचा पडदा आणि हाड जिवंत असतं, त्यांना संवेदना असते. फाइलने, म्हणजे आतून साफ करायच्या सुईसारख्या बारीक हत्याराने, काम झालं की तो भाग सुजतो. पहिले 2-3 दिवस ठणका जास्त, आठवड्याभरात बराचसा बसतो, चावताना थोडं हुळहुळणं आणखी आठवडा-दोन आठवडे राहू शकतं. दुखणं रोज थोडं थोडं उतरतंय ना, हे बघायचं. उतरत नसेल, किंवा उतरून पुन्हा चढलं असेल, तर थांबण्यात अर्थ नाही.

पहिली तपासणी अगदी साधी आहे: कॅप किंवा भरलेलं सिमेंट उंच आहे का. निळा किंवा लाल कागद दाताखाली धरून चावायला लावतात, जिथे गडद ठिपका उमटतो तिथे घासतात. तोंड मिटताना तीच दाढ आधी लागत असेल तर हे नक्की करून घ्या. मात्र भूल असताना बाइट नीट कळत नाही. भूल उतरल्यावर पुन्हा बघायला सांगा.

माझं इथे सुटलं नाही, आणि इथूनच अडकलं.

दातांच्या दवाखान्यात जो छोटा एक्स-रे काढतात, ज्याला तिथे आरव्हीजी म्हणतात, तो सपाट चित्र असतो. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात, पण नळ्या, म्हणजे मुळातल्या नसेच्या बारीक वाटा, बऱ्याचदा चार. गालाकडच्या पुढच्या मुळात दुसरी नळी निम्म्याहून जास्त लोकांना असते. ती पहिल्या नळीच्या आतल्या अंगाला, टाळूच्या बाजूला असते, आणि एक्स-रेचा किरण गालाकडून टाळूकडे जातो. त्यामुळे दोन्ही नळ्या चित्रात एकावर एक येतात आणि भरलेल्या नळीमागे न भरलेली लपते. तिच्यात जंतू राहिले की मुळाच्या टोकाशी सूज टिकते आणि चावताना कळ येत राहते. एक्स-रे नीट दिसणं आणि दाढ नीट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे दवाखान्यात कोणी आपणहून सांगितलं नाही, याचाच मला संताप आहे. हाडातली सुरुवातीची झीजही सपाट एक्स-रेत दिसेलच असं नाही.

म्हणून मागायचं काय, तर आधी एक्स-रे मशीन थोडं तिरपं धरून काढलेला दुसरा एक्स-रे. त्यात एकावर एक आलेल्या नळ्या सुट्या होतात. त्यानेही कळलं नाही तर त्या भागापुरता सीबीसीटी, म्हणजे दातांचा त्रिमितीय स्कॅन. पूर्ण जबड्याचा नको. छोट्या भागाचा स्कॅन बारकावा जास्त दाखवतो आणि किरणही कमी लागतात. कॅप धातूची असेल तर स्कॅनमध्ये पांढऱ्या रेषा येतात, वाचणाऱ्याला ते आधी सांगा.

जुने एक्स-रे मिळवणं हा तर वेगळाच वैताग. ‘कॉम्प्युटरमध्ये आहेत’ म्हणून सोडून देतात. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो कामाचा नाही. मूळ फाइल मेलवर मागा. उपचाराआधीचा, साफ करायची सुई नळीत असतानाचा, भरल्यानंतरचा, तिन्ही एक्स-रे हवेत. आपल्या कागदपत्रांची प्रत मागणं हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. खरं तर हे पैसे देतानाच घेऊन ठेवावं.

दुसरं मत घ्यायचं तर एंडोडॉन्टिस्टचं, म्हणजे रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाचं घ्या. आमच्या नाशिकला गंगापूर रोड, कॉलेज रोडला दातांचे दवाखाने पुष्कळ, पण पाटीवर एमडीएस (दातांच्या डॉक्टरची पदव्युत्तर पदवी) असलं तरी विषय विचारा. कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स हवा. मायक्रोस्कोप आहे का, रबर डॅम (काम चालू असताना दाताभोवती लावायचा रबरी पडदा) लावता का, हेही फोनवरच विचारा. पंचवटीतल्या डेंटल कॉलेजसारख्या ठिकाणी काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होतं. वेळ जास्त द्यावा लागतो.

चांगला डॉक्टर स्कॅनआधी हाताने तपासतो. दातावर ठोकून बघतो, एकेका टोकावर चावायला लावतो. चावण सोडताना झटकन कळ आली तर तडा असू शकतो. हिरडीत मापाची सळई एकाच जागी खोल गेली तर मुळाला उभी चीर असण्याची शंका. तशी चीर असेल तर दाढ सहसा काढावीच लागते. आणि गारव्याने दुखत असेल, नाशिकच्या थंडीत सकाळचं पाणी लागत असेल, तर ती दाढ नव्हे, शेजारचा दात तपासा. नस नसलेल्या दाढेला गार कळत नाही; क्वचित सुटलेल्या नळीत जिवंत नस उरली असेल तरच. वाकल्यावर वरच्या दोन-तीन दाढा एकदम जड वाटल्या तर सायनस. त्या दाढेला भूल देऊनही दुखणं तसंच राहिलं तर उगम दुसरीकडे असू शकतो; अशा वेळी पुन्हा दाढ उघडायला होकार देऊ नका.

गोळ्यांचं राहिलंच. सूज, ताप नसेल तर अँटिबायोटिकने हे दुखणं जात नाही, कोर्सवर कोर्स घेऊ नका. आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम जेवणानंतर चांगलं काम करतं, पण अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा गरोदरपण असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चेहरा सुजला, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप आला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी हॉस्पिटलमध्ये जा.

माझ्या स्कॅनमध्ये ती चौथी नळी रिकामी दिसली आणि जीव भांड्यात पडला. पुढचं सोपं होतं: कॅपला वरून भोक, जुनं भरण काढणं, नळी शोधून हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुणं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध काही दिवस भरून ठेवणं, नंतर पक्कं भरण. कॅप वाचते का, नवी लागते का, आणि तिचा खर्च कोणाकडे, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. नळीपर्यंत वरून पोचता आलं नाही तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापण्याचा मार्ग असतो.

दुखणं थांबलं तरी हाड भरायला महिने लागतात. सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढा, त्याच कोनातून, म्हणजे जुन्याशी ताडून बघता येतो.