वायरींसकट

सुमी जाऊन आठवडा झाला, तरी तिचं ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. "तू इथे काढतेस तरी काय गं?" चित्रांबद्दलच विचारलं होतं, तेही सहज. गच्चीवर उभी राहून समोरचा पडका वाडा, उघडी नाली आणि खांबावरचं वायरींचं जंजाळ बघत.

झोंबलं, कारण वही दिवाळीपासून कोरी आहे. आणि त्याचा बोल मी मनातल्या मनात ग्वाल्हेरलाच लावत आले. मिल बंद, श्योपूरची छोटी रेल्वेगाडी 2020 पासून बंद, स्वर्णरेखा नदीचा नाला झालेला. सगळे पुण्याला गेले, अप्पांपायी मी राहिले... असो. ते पुन्हा नको.

पण काढतेस तरी काय! मी दिवसभर या गावाला नावं ठेवते ते चालतं, तिने एकदा ठेवली तर जेवण जाईना. हा कुठला न्याय?

मंगळवारी हजीऱ्याला गेले होते. शिंप्याने तासाभराने या म्हटलं, म्हणून सूफी संत मोहम्मद गौसांच्या मकबऱ्यात जाऊन बसले. बाहेर तानसेनच्या कबरीपाशी सहलीची पोरं. ओवरीत मात्र कोणी नाही. सोळाव्या शतकातल्या त्या दगडी जाळ्या! एका भोकाची कड हात लागून लागून गुळगुळीत झालेली, शेजारच्यात कबुतराने काडी खोचलेली. वही काढली आणि परत ठेवली. इतकं कोणीतरी आधीच करून ठेवलंय, त्याची नक्कल मी काय करणार? नुसती जाळीतून बाहेर बघत राहिले. बाग, पलीकडची घरं, मोबाइलचा टॉवर, सगळं तुकड्यातुकड्यांत. टॉवरसुद्धा बरा दिसत होता, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन समोरच्या वाड्याचा झरोका काढायला घेतला. एरवी मी वायरी गाळते. या वेळी आधी वायरीच काढल्या, मग त्यांच्या मधल्या फटींतून दिसेल तेवढाच वाडा. पिंपळाचं रोप, निखळलेला तोडा, कोणाची तरी वाळत घातलेली बनियन. हात थांबेना. अप्पांचा चहासुद्धा उशिरा झाला. त्यावर ते जे बोलले ते लिहीत नाही.

काल केबलवाला आला, वही उघडीच होती. बराच वेळ वाकून बघत राहिला. मी आपली कौतुकाच्या तयारीत. तर म्हणतो, "दीदी, ये ऊपर की दो तो कब की बंद पड़ी हैं. निकाल दूँ?"

खांबावरच्या काढ म्हटलं. वहीतल्या राहू देत.