बँकॉकच्या बाजारात गाइड घ्यावा का?

रविवार रात्र, ठाणे

बँकॉकची तिकिटं झाली, हॉटेल झालं, आता घोडं अडलंय फूड टूरवर. खायला गाइड कशाला, हे माझं जुनं मत. इंदूरचा सराफा वास येईल तिकडे वळत फिरलो, काही अडलं नाही. पण या वेळी बरोबर आई आहे. पक्की शाकाहारी. अंडंसुद्धा नाही.

तिकडची पंचाईत अशी की मासा दिसत नाही. नाम प्ला, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी, भाजीतही पडतं. सोम तम नावाची कच्च्या पपईची कोशिंबीर घ्या, त्यातही ते, शिवाय सुकट. करीच्या वाटणात तर कोळंबी आधीच वाटलेली. आज सकाळी जांभळी नाक्यावर आईने अळू घेतलं. देठ काळं आहे ना ते पाहिलं, पान उलटून शिरा चाचपल्या, तरी "खाजणार नाही ना गं?" विचारलंच. "वडीचंच आहे मावशी," ऐकल्यावर पिशवी पुढे केली. तिकडे हे कुणाला विचारायचं, नि कुठल्या भाषेत?

म्हणून टूरवाल्यांना लिहिलं. एकाचं उत्तर आलं, "काळजी नको, सगळं व्हेज करून देऊ." एवढ्या गोड उत्तराचीच मला भीती वाटते. दुसरीने लिहिलं की सोम तम समोर कुटतात, त्यात सुकट वगळून नाम प्लाऐवजी सोया सॉस घालायला सांगता येईल. करी मात्र आईंनी खाऊ नये, वाटण तयार असतं. शिवाय पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं ती दाखवेल. तिथे मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास त्यांचा नऊ दिवसांचा सण असतो, तेव्हा असे झेंडे जिकडेतिकडे लागतात म्हणे. आई खूश. "म्हणजे चातुर्मास पाळणारेही आहेत की!"

हिला पैसे द्यायला माझी ना नाही. पहिल्याच सकाळची वेळ घेतली, म्हणजे शिकलेलं पुढे उपयोगी पडेल. ओर तोर कोर मार्केटला मात्र आमचे आम्हीच जाऊ. कामफेंग फेत मेट्रो स्टेशनला लागूनच आहे, आणि फळं घ्यायला कुणाची मध्यस्थी लागत नाही. रात्रीचं याओवारात, म्हणजे तिथलं चायनाटाउन, आईच्या गुडघ्यांवर सोडलंय.

आता त्या बाईंना एवढंच विचारायचंय, मध्ये बसायला मिळेल ना?