मोरजी, सातवी फेरी: वारा फिरायच्या आधी आणि नंतर

गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर फोटो काढायला गेले, त्याचा हिशेब आधी. १,१४० क्लिक, ठेवले ३१. सहाव्या फेरीत नऊच ठेवले होते, तेव्हा प्रगती आहे म्हणायची. कॅमेरा तोच, निकॉन डी७५००, आणि तीच २००-५०० मिमी एफ/५.६ लेन्स, जी सव्वादोन किलोच्या वर भरते आणि दुपारी चारनंतर पाच किलोची होते.

सहाव्या फेरीत दुपारचा एकूण एक फोटो मऊ, म्हणजे धूसर आला होता. मी लेन्सला दोष देऊन मोकळी झाले. मग गच्चीत भिंतीला वर्तमानपत्र चिकटवलं, ट्रायपॉड लावला आणि तपासलं. मथळेच काय, छोट्या जाहिरातींची अक्षरंही कोरल्यासारखी आली. लेन्स शाबूत! मी कोरड्या वाळूवर लोळून दोनशे मीटरवरचा काइटवाला (मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवर उभा राहून पाण्यावरून धावणारा) टिपत होते आणि मधली सगळी हवा तव्यावरच्यासारखी थरथरत होती. शटर कितीही वाढवा, त्या हवेला फरक पडत नाही. ह्या वेळी दुपारी ओली वाळू ओलांडून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले आणि लांबच्यांचा मोह सोडला. अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

उरलेला अर्धा वाऱ्याचा.

फेब्रुवारीतला रविवार. म्हापशाहून सहाला निघाले, शिवोलीचा पूल ओलांडून चोपडे, तिथून टेंबवाड्याला पावणेसात. शापोरा नदी समुद्राला मिळते ते मोरजीचं हे टोक. ओहोटीला मुखाशी वाळूची जीभ उघडी पडते आणि थंडीच्या दिवसांत तिच्यावर गल आणि टर्न हे समुद्रपक्षी आणि चिमुकले चिखल्या बसलेले असतात. कासवांच्या अंड्यांसाठी राखलेली जागाही ह्याच बाजूला. ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबर ते मार्च इथे अंडी घालायला येतात. तिथे मी कॅमेरा पिशवीतून काढतच नाही. रात्री टॉर्च आणि फ्लॅश घेऊन कासवामागे फिरणाऱ्यांशी माझं पटत नाही, एवढंच लिहून पुढे जाते.

पश्चिम किनाऱ्याची सकाळ म्हणजे आपल्याला आयतं ताट. सूर्य जमिनीकडून, आपल्या पाठीमागून वर येतो आणि समोरचे पक्षी उजळतात. हे ठाऊक होतं. पण पक्षी तोंड कुठे करून बसतात, ह्याकडे सहा फेऱ्या माझं लक्षच नव्हतं. गल वाऱ्याकडे तोंड करून बसतो. पाठीवर वारा घेतला तर पिसं उलटी फुलतात, ते त्याला नको असतं. उडतानाही तो आधी वाऱ्याच्या दिशेनेच, समोरून वारा घेत झेपावतो. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. म्हणजे अख्खा थवा माझ्याकडे तोंड करून, डोळ्यांत ऊन घेऊन बसलेला! दुपारी वायव्येचा वारा लागला की हाच थवा पाठ फिरवतो आणि आपल्या वाट्याला शेपट्या येतात. माझ्याकडे शेपट्यांचा संग्रह मोठा आहे.

साठेक मीटरवरून पोटावर सरकायला सुरुवात केली. पुढच्या रांगेने माना ताठ केल्या की थांबायचं, माना खाली गेल्या की कोपरभर पुढे. पंचविसेक मीटरवर पोचायला पाऊण तास लागला. वाटेत एका भल्या माणसाचा कुत्रा थव्यात घुसला आणि सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा पोचले तेव्हा समोर तपकिरी डोक्याचे गल होते, आपल्या पुस्तकी मराठीत कुरव. थंडीत ह्यांचं डोकं पांढरंच असतं, कानामागे काजळाचं बोट टेकवल्यासारखा एक डाग. पण एकाच्या डोक्यावर तपकिरी रंग चढायला लागला होता, कपाळ अजून पांढरं आणि मागून चहा सांडल्यासारखं. विणीची तयारी. ही मंडळी उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांवर असतात. काळ्या डोक्याच्या गलशी गल्लत होते म्हणून तो पंख उघडेपर्यंत थांबले. उघडला: टोक काळं, त्या काळ्यात पांढरा ठिपका, आणि डोळा फिकट. खात्री पटली. शटर १/२५००, एफ/६.३, एक्सपोजर उणे ०.७. हे उणे महत्त्वाचं. कॅमेऱ्यावर सोपवलं की ओल्या, काळपट वाळूला बघून तो उजेड वाढवतो आणि छातीवरची पिसं जाऊन पांढरा कागद उरतो.

साडेनऊच्या सुमारास थोडं पुढे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला सुरुवात झाली. दोन्ही दोरांना माणसं, मधे जाळ्याचा घेर लहान होत आलेला, आणि वर टर्नची झुंबड. टर्न सूर मारतो तो क्षण पकडायचा माझा तीन हिवाळ्यांचा हट्ट आहे. आतापर्यंत मिळालं होतं ते फक्त उडालेलं पाणी. कारण मी तो पडायला लागल्यावर बटण दाबत होते. ह्या वेळी पडणाऱ्यांना सोडून थांबलेल्यांवर नेम धरला. सूर मारण्याआधी तो हवेत जागच्या जागी फडफडतो आणि चोच सरळ खाली धरतो. चोच खाली आली की फोकस लावून बोट तयार ठेवायचं. आठ फ्रेम सेकंदाला ह्या वेगाने चार सूर घेतले, त्यांतला एक चोख: पंख मागे, चोच पाण्यापासून हातभर वर.

अकराच्या आसपास रापणीतले एक काका जाळं झटकत म्हणाले, “वारो फिरलो, बाय.” मला काहीच जाणवलं नव्हतं. पाणी तसंच, ऊन तसंच. चारेक मिनिटांनी वाळूच्या जिभेवरचा थवा उठला, एक गिरकी घेऊन पुन्हा तिथेच बसला. आता सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. मी काकांना विचारलं कसं कळलं, तर त्यांनी नुसता ओला कान दाखवला.

पक्ष्यांचं दुकान बंद. भाजी-पाव, चहा, लेन्सवरचं खारं पाणी पुसणं. पुसायला आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, मग कोरडं. थेट कोरड्याने पुसलं तर मीठ काचेवर ओरखडे काढतं. मधल्या वेळात जेट स्कीवर १/६० ने पॅनिंग, म्हणजे तिच्याबरोबर कॅमेरा फिरवत टिपणं, करून पाहिलं. दीडशे क्लिक, दोन बरे. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तीननंतर काइटवाले आले. इथे माझी चूक झाली ती सांगितलीच पाहिजे. वारा वायव्येचा, म्हणजे काइट स्वारापासून आग्नेयेकडे, किनाऱ्याच्या बाजूला ताणलेला असतो. मी नेमकी त्याच बाजूला, वाऱ्याखाली, पाण्यात उभी. दोर वीस-बावीस मीटरचे, आणि काइट कोसळला तर त्या टप्प्यातच. एका शिकवणाऱ्याने लांबून असा आवाज टाकला की कॅमेऱ्यासकट पळाले. त्याचं बरोबर होतं. हातात ५०० मिमीची लेन्स असताना जवळ जायचं कारणच नव्हतं.

मग त्यांच्या पट्ट्याच्या बऱ्याच दक्षिणेला जाऊन उत्तरेकडे तोंड केलं. चारला सूर्य नैऋत्येकडे उतरलेला, म्हणजे डाव्या खांद्याच्या किंचित मागे. स्वाराचा चेहरा आणि तुषार दोन्ही उजळले. मागच्या वेळी सरळ पश्चिमेला बघत होते, म्हणून सगळ्या काळ्या आकृत्या.

उडीही टर्नसारखीच निघाली. स्वाराकडे बघत बसलं तर उशीर होतो. वर बघायचं: घड्याळात दहावर असलेला काइट बाराकडे सरकायला लागला आणि खाली स्वाराने टाच दाबून बोर्ड तिरका केला की एक श्वास, आणि तो हवेत. डावा डोळा उघडा ठेवून काइट बघायला शिकायला तासभर गेला. काइट आणि स्वार एका चौकटीत हवे असतील तर कॅमेरा उभा धरून २०० वर यावं लागतं; ५०० वर दोघांतलं एकच मिळतं. ३१ पैकी ११ ह्या शेवटच्या तासातले.

आवडता मात्र सकाळचाच, अर्ध्या तपकिरी डोक्याचा.

पोटावर सरकताना लेन्स वाळूला टेकली होती. काल रात्री ब्रश फिरवला, फुंकणी मारली. अजून ३५० च्या आसपास झूमची रिंग कुरकुरते.