बाळ येशू माळ्यावर जात नाही

२४ डिसेंबर २०१८ची रात्र. चर्चमधल्या मिस्सेहून आम्ही घरी आलो, सासूबाईंनी गोठ्यापुढे मेणबत्ती लावली, लेकीने गाणं सुरू केलं आणि गव्हाणीत ठेवायला बाळ येशूच सापडेना.

ज्यांच्या घरी गोठा मांडत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, आधीच तयार होतो. पवित्र मरिया, संत योसेफ, मेंढपाळ, गाय, गाढव सगळे आपापल्या जागी उभे राहतात, पण मधली गव्हाण रिकामी असते. बाळाला जन्माच्या रात्रीच निजवायचं, आणि आमच्याकडे तो मान घरातल्या सर्वांत धाकट्याचा. त्यामुळे ही एक मूर्ती बाकीच्यांबरोबर बाहेर निघत नाही. ती हरवल्याचं अगदी शेवटच्या क्षणी कळलं ते त्यामुळेच. हा संच माझ्या सासऱ्यांनी आणलेला, प्लास्टर ऑफ पॅरिसचा. ते जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

रात्री दोनपर्यंत आम्ही खोकी उपसत होतो. लेक रडत रडतच झोपली. शेवटी सासूबाईंनी एक पांढरा रुमाल घडी घालून गव्हाणीत ठेवला. "येईल तो," एवढंच म्हणाल्या.

मी मूळची वसईची. माहेरी नाताळचं सामान ठेवायला एक आख्खा पेटारा होता आणि तो उघडायला घरात आठ-दहा माणसं होती. लग्न होऊन ठाण्याला चरईत आले. दोन खोल्या, आणि सगळ्या सणांचं, पाहुण्यांचं, पावसाळ्याचं सामान स्वयंपाकघरावरच्या एका माळ्यावर. मी वागळे इस्टेटमध्ये हिशेबाचं काम करते. नाताळच्या आदल्या रविवारपर्यंत घराकडे बघायला सवड व्हायची नाही. मग त्या एका रविवारी सगळं: माळा रिकामा करायचा, लाइटच्या माळांचा गुंता सोडवायचा, बंद पडलेल्या माळेसाठी नवऱ्याला जांभळी नाक्याला पिटाळायचं, पडदे बदलायचे, आणि मध्येच नाताळच्या फराळातल्या गोड कलकलांचं पीठ मळायचं. २०१८ सालीही तेच झालं. २३ तारखेला संध्याकाळी मी लेकीवर इतकी ओरडले की समोरच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. तिने फक्त काचेचा एक गोळा फोडला होता. ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

जानेवारीत सामान परत भरायला बसले तेव्हा पहिल्यांदा प्रत्येक वस्तू हातात घेऊन नीट पाहिली. माझा डिसेंबर बिघडत होता तो जानेवारीत. सण संपला की आम्हाला घर मोकळं करायची घाई. माळा तशाच गुंडाळून कोंबायच्या, बंद पडलेलीही त्यातच. तारा दुमडायचा, मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळायच्या. ते खोकं मग फोडणीच्या वाफेत आणि ठाण्याच्या चार महिन्यांच्या पावसात पडून राहणार. देवदूताच्या पांढऱ्या पंखांना वर्तमानपत्राची शाई लागलेली. गोठ्यातला पेंढा बुरसलेला आणि त्यात कसर. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या दिवसांतल्या, जांभळ्या मेणबत्त्या मे महिन्याच्या उकाड्यात एकमेकींना चिकटून वाकलेल्या. एका चांदणीतले सेल काढायचे राहिले होते. ते फुटून पांढरी पूड बाहेर आली होती आणि आतले पत्रे खाऊन गेली होती.

समोरच्या वहिनींना मी हे दाखवलं. त्यांच्याकडे गौरी असतात, पितळेचे आणि शाडूचे दोन्ही मुखवटे. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि त्यांचा डबा घेऊन आल्या. प्रत्येक मुखवटा धुतलेल्या मऊ सुती कापडात, जुन्या मलमलच्या साडीच्या तुकड्यात. कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. डांबरगोळ्या त्या वापरत नाहीत, वास मुखवट्यांच्या वस्त्रांना लागतो म्हणून. "आणि पाऊस संपला की एकदा उन्हाची हवा दाखवते," म्हणाल्या. त्यांची सासू असंच करायची. वर्षातून एकदा येणाऱ्या देवाचं सामान कसं ठेवायचं, हे मी खरं शिकले ते गौरीच्या डब्यावरून.

ती पद्धत मी जशीच्या तशी उचलली. प्लास्टरच्या मूर्तीला पाणी लावायचं नाही. ते ओल शोषतं आणि रंग सुटतो. रंगकामाच्या मऊ ब्रशने धूळ झाडायची, सावलीत वाळवायचं, मग सुती कापड. पेंढा साठवायचाच नाही. तो कुंड्यांत जातो, दरवर्षी नवा मूठभर मिळतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल धरली असं समजायचं, मग बदलते. लाइटची माळ आधी लावून बघते, चालली तरच पुठ्ठ्यावर गुंडाळते, प्लगचं टोक बाहेर ठेवून. त्यामुळे डिसेंबरात न उलगडताच ती तपासता येते. सेल सगळे काढून टाकायचे. मेणबत्त्या माळ्यावरून उतरून कपाटाच्या खालच्या खणात आल्या, आणि पुठ्ठ्याची खोकी जाऊन घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आले.

एवढं करून सामान वाचलं असतं, पण माझा तो एक रविवार तसाच राहिला असता. तो सुटला दुसऱ्याच एका गोष्टीने. आधी मी वस्तूंच्या जातीप्रमाणे भरत होते: सगळ्या लाइटच्या माळा एकात, सगळे गोळे एकात. एक तारा हवा तरी सगळं उतरवावं लागायचं. आगमनकाळाला चार रविवार असतात. मी चार डबे केले आणि प्रत्येकावर रविवार लिहिला. पहिल्यात फक्त खिडकीतला तारा आणि आगमनाच्या मेणबत्त्या लावायच्या आगमनचक्राची कडी. दुसऱ्यात बाल्कनीच्या माळा आणि पडदे. तिसऱ्यात झाड. त्या रविवारी गुलाबी मेणबत्ती असते, आनंदाचा रविवार, म्हणून झाड लेकीचं आणि मी मध्ये पडत नाही. चौथ्यात गोठा. माळ्यावर चौथा सर्वांत आत, पहिला दाराशी. एका रविवारी एकच डबा उतरायचा, तासाभराचं काम, आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही. खाण्याचंही तसंच वाटून घेतलं. केकची फळं नोव्हेंबरातच भिजतात, कलकल दुसऱ्या रविवारी, नेवऱ्या तिसऱ्या. दोदोल मी करणं सोडून दिलं, वसईहून जाऊबाई देतात.

काढतानाही आता एका संध्याकाळीत उरकत नाही. बाळाच्या दर्शनाला येणारे तीन राजे आमच्याकडे गोठ्यापासून लांब, टीव्हीच्या टेबलावरून निघतात आणि रोज थोडे थोडे सरकत त्यांच्या सणाला पोचतात. ते पोचले की झाड आणि माळा उतरतात. गोठा प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत राहतो, कारण नाताळचा काळ तेव्हा संपतो. तोवर ऑफिसही थोडं निवांत असतं.

ही योजना २०२३ साली अडली. नाताळ सोमवारी आला, म्हणजे चौथा रविवार २४ तारखेलाच. त्या दिवशी सकाळी चौथ्या रविवारची मिस्सा आणि रात्री जन्माची. गोठा त्या दिवसावर ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हापासून ऑक्टोबरात कॅलेंडर बघून ठरवते, आणि असं वर्ष असलं की तिसरा आणि चौथा डबा एका आठवड्यात उघडते. त्याच वर्षी संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात मांडलेल्या पहिल्या गोठ्याला ८०० वर्षं झाली. १२२३ साली त्याने गुहेत खरा पेंढा, खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं, हे मी लेकीला सांगितलं. "मग त्याला जानेवारीत काही भरून ठेवावं लागलं नसेल," ती म्हणाली. त्यानंतर आम्ही दोघींनी बसून सामान निम्मं केलं. थर्माकोलची बर्फाची घरं, तीन जादा झाडं, चमकीच्या दोऱ्या, जे पाहून कुणालाच काही वाटत नव्हतं ते वाटून टाकलं. आता चार डब्यांपैकी दोन अर्धे रिकामे आहेत, आणि ते तसेच राहावेत म्हणून मी जपते.

बाळ येशू सापडला तो २०१९च्या मे महिन्यात. लेकीच्या फ्रॉकला शिवण घालायची म्हणून मी शिलाई मशीनचा खण उघडला. बॉबिनच्या डब्यामागे, सासऱ्यांच्या रोझरीच्या जपमाळेशेजारी, रुमालात गुंडाळलेला. सासूबाईंना हाक मारली. त्यांनी बराच वेळ मूर्तीकडे पाहिलं. २०१८च्या जानेवारीत त्यांनीच ठेवला असणार. "माळ्यावर किती उकडतं. बाळाला कसं ठेवायचं तिथे?" त्या म्हणाल्या. ठेवलेलं मात्र त्यांना आठवत नव्हतं, आणि तेव्हा आम्हाला कळायला लागलं की त्या बरंच काही विसरतायत. त्या नाताळात मी नसत्या वेळी नसत्या माणसांना बोलले होते. त्यांना काही बोलले नव्हते याचं मला आजही बरं वाटतं.

चौथ्या डब्याच्या झाकणावर तेव्हापासून लिहिलेलं आहे: बाळ मशीनच्या खणात. सासूबाई २०२२मध्ये गेल्या. मशीन आता कुणी वापरत नाही, पण ते विकायचा विषय घरात निघत नाही. गेल्या २४ तारखेला मिस्सेहून आल्यावर लेकीने खण उघडला, बाळाला गव्हाणीत निजवलं आणि रुमाल माझ्या हातात दिला. मी तो धुतला, इस्त्री केली आणि रोझरीशेजारी परत ठेवला.