तारखेवर भरणारा बाजार

आपल्याकडे आठवडी बाजाराचा वार ठरलेला असतो. कोरियातल्या खेड्यापाड्यांत वाराला कुणी विचारत नाही, तारीख बघतात. गांगवॉन प्रांतातल्या जंगसन गावचा बाजार 2 आणि 7 वर संपणाऱ्या तारखांना भरतो: 2, 7, 12, 17, 22, 27. महिना 31 दिवसांचा असला की एक दिवस जास्त थांबायचं. शेजारच्या यंगवलचा बाजार 4 आणि 9 चा, प्यंगचांगचा 5 आणि 10 चा. कोरियातल्या जुन्या जोसन राजवटीत पाठीवर माल लादून फिरणारे व्यापारी एका गावचा बाजार उरकून चालत पुढच्या गावी जात आणि पाच दिवसांनी फिरून पहिल्या गावी येत. आता पाठीची जागा टेम्पोने घेतली. पाच दिवसांचा फेरा तोच आहे.

सोलचा ग्वांगजांग बाजार 1905 पासूनचा. मुगाची कुरकुरीत धिरडी खायला तिथे जरूर जा. पण तिथल्या बाकावर माझ्या डावीकडेही पर्यटक आणि उजवीकडेही पर्यटकच. म्हणून 17 तारीख गाठून सोलच्याच चंगन्यांग्नी स्टेशनवर जंगसनची गाडी पकडली. साधारण चार तासांचा प्रवास, शेवटी नुसते डोंगर, नदी आणि बोगदे. डबा साठी-सत्तरीच्या बायकांनी भरलेला. उन्हाच्या टोप्या, फुलाफुलांचे ढगळ शर्ट आणि अखंड बडबड. पलीकडच्या आजींनी काही न विचारता माझ्या हातावर सोललेलं संत्रं ठेवलं आणि मी कुठून आलो, लग्न झालंय का, ही चौकशी सुरू केली. माझं कोरियन तेवढ्यापुरतं पुरलं.

बाजारात शिरताच वास येतो तो वाळलेल्या पाल्याचा. जंगसनचा भाग डोंगराळ, भातशेतीला जमीन फारशी नाही. त्यामुळे पूर्वी इथली माणसं मका, बटाटा, कुट्टू (बकव्हीट) आणि रानभाज्यांवर जगली. यातली गोन्दुरे ही डोंगरातल्या काटेरी रोपाची पालेभाजी. टंचाईच्या दिवसांत मूठभर धान्य पुरवायला ती भातात ढकलायचे. आज तोच गोन्दुरे-भात खायला लोक सोलहून येतात. भाजी घालून शिजवलेला भात, वर तुळशीच्या कुळातल्या पेरिलाचं तेल आणि सोया सॉसचं कालवण. शाकाहारी मंडळींना हे चालेल, पण सोबतच्या किमचीत (आंबवलेल्या तिखट कोबीत) बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, तेवढं लक्षात ठेवा.

भाजी विकणाऱ्या आज्यांच्या गळ्यात ओळखपत्रं लटकत होती. माल इथल्याच मातीतला आहे, याची ती हमी. मी वाळलेल्या गोन्दुरेची एक पिशवी घेतली. पैसे देऊन वळलो तर आजींनी हाक मारून आणखी एक मूठ पिशवीत कोंबली. वरचं द्यायची ही पद्धत सगळ्या बाजारात दिसते. भाव मात्र कुणी फारसा करत नाही. मीही केला नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो लाह्यावाल्यापाशी. जाड लोखंडी नळा आडवा बसवलेला, खाली गॅसची ज्योत, एका टोकाला दाबाचं घड्याळ. शेजारी जुन्या पत्र्याच्या डब्यांची रांग. लोक घरचे तांदूळ, मका, सोयाबीन घेऊन येतात आणि डबा रांगेत लावून बाकीची खरेदी करायला जातात. नळा फिरत राहतो, आत दाब चढतो. मग काका तोंडाला जाळीचा पिंजरा लावतात आणि ओरडतात, "प्पंगियो!" ही आरोळी म्हणजे कान झाका. सगळी गल्ली एकदम कानांवर हात ठेवते. काका झाकणाची खीळ उडवतात, तोफेसारखा बार होतो, पांढऱ्या वाफेत माणसं दिसेनाशी होतात आणि पिंजरा काठोकाठ भरलेला असतो. डब्याची मालकीण लगेच हजर. पहिल्या घासाला लाह्या कोमटच असतात. आजूबाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांना ओंजळ मिळते, मलाही मिळाली.

खाण्याच्या गल्लीत तव्यावर तेल तापलेलं. कुट्टूच्या पातळ पोळीत किमचीचं सारण गुंडाळून देतात. पण माझा जीव अडकला सुसु बुक्कुमीत. चिकट ज्वारीच्या पिठाची छोटी पोळी तव्यावर सोडायची, मधोमध लाल बारीक कडधान्याचं गोड पुरण ठेवायचं, दुमडून चंद्रकोर करायची. सोलापूरच्या माणसाला ज्वारी अशा रूपात भेटावी! शेजारच्या मेजावरच्या काकांनी मक्याच्या माकगल्लीचा, म्हणजे आंबवलेल्या धान्याच्या दारूचा, पेला पुढे केला. थोरांनी दिलेला पेला दोन्ही हातांनी घ्यायचा असतो आणि तोंड जरासं वळवून प्यायचा.

दुपारी बाजाराच्या छोट्या मंचावर जंगसन आरिरांग सुरू झालं. आरिरांग म्हणजे कोरियाचं लोकगीत. आरिरांग 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, पण जंगसनचा ढंग संथ आणि काहीसा रडवेला. इथले लोक ओंडक्यांचे तराफे नदीतून सोलपर्यंत नेत, त्यांच्या कहाण्या या गाण्यांत येतात. गाणारी बाई थांबली की प्रेक्षकांतली एखादी आजी पुढची ओळ उचलायची. तिला कुणी माइक दिलेला नव्हता.

हा बाजार नुसत्या परंपरेवर तगलेला नाही. जंगसन कोळशाचं गाव होतं. 1989 नंतर सरकारने तोट्यातल्या खाणी बंद करायला सुरुवात केली, माणसं निघून गेली आणि जिल्ह्याने पर्यटकांकडे मोर्चा वळवला. खास गाडी आणि शनिवारचा जादा बाजार हे त्यातूनच आलं. देशभरातल्या पारंपरिक बाजारांसाठी 2009 पासून सरकार ओन्नुरी नावाची खरेदीची कुपनं काढतं. 2012 पासून मोठ्या मार्टना महिन्यातून दोन दिवस कुलूप लावावं लागतं. आता काही शहरांनी ही सुट्टी रविवारवरून आडवारी सरकवली आहे. मला कुपनांपेक्षा विक्रेत्यांच्या वयाची चिंता वाटली. तव्यामागे पन्नाशीच्या आतली बाई शोधावी लागते.

जायचं असेल तर आधी तारीख बघा, मग तिकीट काढा. परतीची जागाही तेव्हाच पक्की करा, कारण बाजाराच्या दिवशी गाड्या भरतात. पाच-दहा हजार वॉनच्या नोटा जवळ ठेवा. लाह्यांसाठी तांदूळ न्यायचे असतील तर ते मात्र कोरड्या डब्यातून.