मायची पोत

आज सकाळी मायने माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. "मनी पोत कोठे शे?" डोळ्यांत राग, आणि त्याहून जास्त भीती.

तासाभराने पोत दादर ज्वारीच्या डब्यात सापडली. जुन्या लुगड्याच्या चिंधीत, तीन गाठी मारलेली. मायनेच ठेवलेली.

दोन वर्षं मी तिच्याशी वाद घातला, पुरावे दाखवले. फार चुकलो. स्मृतिभ्रंशात ठेवल्याची आठवणच पुसली जाते, उरते फक्त चोरी, आणि ती तिच्यासाठी खरी असते. ज्यांचं नाव या आजाराच्या एका प्रकाराला मिळालं, त्या डॉ. अल्झायमर यांनी 1901 मध्ये तपासलेल्या एका बाईंचं पहिलं ठळक लक्षणही नवऱ्यावरचा संशय हेच होतं!

बायको आज एवढंच म्हणाली, "चला माय, दोघी मिळून शोधू." हात आपोआप सुटला.

घरी असं कुणी असेल तर ऐका: भास-संशय एकाएकी वाढले तर लघवीची तपासणी करून घ्या, संसर्गानेही असं होतं. आणि भासांवरच्या गोळ्या मनाने देऊ नका, अशा रुग्णांत त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

आत्ता माय ओट्यावर बसून पोतीचे मणी चाचपतेय. बायको तिची वेणी घालतेय.